हिरवळ जळाल्याचे आढळून आले आहे

थॉर्नबेक, मंगळवार सकाळ

प्रिय एनिडताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात तुझ्यापेक्षा त्याचीच खबरबात जास्त होती. समुद्राची हवा त्याला मानवत असेल अशी आशा करतो. मी खुशाल आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसेल त्याची आधीच माफी मागतो, कारण माझा वाचायचा चष्मा गेले नऊ दिवस सापडत नाहीये. (फ्रिजमध्ये पाहिला. चर्चच्या बाकाखाली पाहिला. मांजरीच्या टोपलीतही पाहिला, तिथे चष्मा नव्हता पण सहा पिल्लं निघाली.) त्यामुळे ओळ उतरणीला लागली तर तू मान तिरकी कर, पण वाच.

बातमी अशी की आमच्या बोलिंग क्लबाची हिरवळ जळाली. आग वगैरे लागून नव्हे. ज्या गवतावर बाबा रविवारी गोळे घरंगळवायचे, त्याच गवतावर दारापासून बाकापर्यंत चांगला बारा पावलं लांबीचा तपकिरी पट्टा उमटलाय. खताच्या झारीत कुणीतरी तणनाशक भरलं आणि निवांतपणे शिंपडलं. हे 'कुणीतरी' मी फक्त तुझ्यापाशी म्हणतोय. क्लबाच्या दारावर चिटणीस या नात्यानं मी स्वतः चिठ्ठी डकवली ती अशी: 'हिरवळीवर चुकीचे द्रव्य शिंपडण्यात आल्याचे आढळून आले आहे.' बघ, किती सोवळ्यातली चिठ्ठी! ना कुणाचं नाव, ना गाव. द्रव्य आपलं आपण आलं, शिंपडून घेतलं आणि पट्टा सोडून गेलं.

आपल्याकडची रीतच आहे म्हणा ही. आई आठवते ना? 'बिस्किटांच्या डब्याला हात लावण्यात आला आहे,' एवढंच ती छताकडे बघून म्हणायची, आणि बाबा मिशीतला चुरा झटकत वर्तमानपत्र आणखी वर धरायचे. भांडण नाही, तंटा नाही. स्टेशनात सांगतात, गाडी रद्द करण्यात आली आहे. कुणी केली म्हणून विचारावं, तर सांगणारा बिचारा आपल्याहून दुःखी. गेल्या महिन्यात डॉक्टरकडून पत्र आलं की माझी वेळ बदलण्यात आली आहे. मी उलटटपाली कळवलं, त्याची नोंद घेण्यात आली आहे. दोन्ही बाजू खूश! बावीस वर्षं मी क्लबाची इतिवृत्तं लिहितोय, ताई, आणि त्यातल्या एकाही पानावर कुणी म्हणून काही केलेलं नाही. कपबशा फोडल्या गेल्या, वर्गणी थकवली गेली, एकदा तर अख्खा पियानो विकला गेला. सगळं आपोआप. याचा मला फार अभिमान होता. होता, म्हणतोय.

या खेपेला मात्र भलतीच पंचाईत झाली. सिरिल ओल्ड्रॉइड तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात ज्यानं गवताला हिरवा रंग चढावा म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी घातलं तोच. एकेचाळीस वर्षं हिरवळ तोच सांभाळतो. आता एकोणऐंशीचा आहे आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलंय की म्हाताऱ्याला दिसत नाही, त्यानंच बाटल्यांचा घोळ घातला. पण तोंडानं कोण बोलतो? जो तो त्याच्याशी साखर पेरतोय. पाठीवर हात ठेवतात, हवा काय छान पडलीय म्हणतात. आमच्या अध्यक्ष थ्वेटबाईंनी (मन लोण्याचं, आवाज भोंग्याचा) त्याला चार दिवसांत तीन लिंबाचे केक पाठवले. आणि गोची बघ, ताई. कुणी तोंडावर आरोप केला तर माणूस 'मी नाही केलं' म्हणून ओरडेल तरी. केकला काय उत्तर देणार?

शनिवारच्या बैठकीत थ्वेटबाईंनी वाचून दाखवलं की सिरिलच्या दीर्घ सेवेचा गौरव म्हणून त्याला भिंतीवरचं घड्याळ देण्याचे ठरवण्यात आले आहे, आणि येत्या गुरुवारच्या सभेत अवजारांच्या शेडची किल्ली त्याच्याकडून कृतज्ञतापूर्वक स्वीकारण्यात येईल. टाळ्या पडल्या. सिरिल मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं कोटाच्या खिशात हात घालून किल्ली चाचपली. मला ते बघवेना गं. बायको, मेबल, गेल्यापासून त्या माणसाला त्या शेडशिवाय आहे कोण? पहाटे सहाला जातो, यंत्राला तेल घालतो, गवताशी बोलतो. घरी घड्याळ लावून ते काय टिकटिकताना ऐकत बसायचं?

मी उठून उभा राहिलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आज बोलायचंच, होऊ दे काय व्हायचं ते. घसा खाकरला. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर 'खिडकी उघडण्यात आली तर बरं होईल.' खिडकी सताड उघडी होती. थ्वेटबाई म्हणाल्या, 'सूचनेबद्दल आभार, नॉर्मन.' मी ती सूचना इतिवृत्तात लिहून घेतली आणि खाली बसलो.

बाकी सर्व ठीक. बागेतले लीकचे कांदे यंदा मनगटाएवढे झालेत. पिल्लांचा बाप कोण ते मांजरीनं अजून जाहीर केलेलं नाही, तीही इथलीच. जिना जपून उतर, आणि गुडघ्याला माझा लोभ कळव.

तुझा धाकटा भाऊ,
नॉर्मन

ता. क. लिफाफा चिकटवता चिकटवता हात थांबला. ताई, ती झारी मी भरली. सिरिल डोळे दाखवायला दोन दिवस लीड्सला गेला होता. म्हटलं, तो यायच्या आत खत घालून ठेवू, म्हातारा खूश होईल. शेडची जादा किल्ली कुठल्या विटेखाली असते ते मला ठाऊक आहे. चष्मा डोळ्यांवर नव्हता, कुठे काढून ठेवला तेही आठवेना, बाटलीचा रंग बघून अंदाजानं ओतलं. चार दिवसांनी पट्टा उमटला आणि मी चिठ्ठी लिहायला बसलो. घाबरलो, ताई. दुसरं काही कारण नाही.

ता. क. २. आत्ताच सिरिल येऊन गेला. दोन कप चहा प्यायला, लीकची स्तुती केली, हवा छान आहे म्हणाला. उठताना रुमालाची पुरचुंडी टेबलावर ठेवली. आत माझा चष्मा. 'फळीवर होता,' म्हणाला, 'बाटल्यांच्या मागे. मागच्या मंगळवारी आलो तेव्हाच मिळाला.' अख्खा आठवडा, ताई! पट्टा उमटल्यापासून तो माणूस मुकाट्यानं केक खात बसला आणि माझं नाव घेतलं नाही. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर त्यानं टोपी चढवली. दारात वळून एवढंच म्हणाला, 'गुरुवारी लावून ये बाबा.'

ता. क. ३. तर खरं काम हे. गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसनं ये. सभा दोनला आहे. पहिल्या रांगेत बस, गुडघ्याखाली घ्यायला उशी मी ठेवतो. मी चष्मा लावून उभा राहीन. मी 'मी' पासून सुरुवात केली तर तू गप्प बस. पण 'असे आढळून आले आहे' पासून केली, तर खोक. चर्चच्या नाटकात मी ओळ विसरलो की पडद्यामागून खोकायचीस ना, तशी, मेंढरं उधळतील एवढ्या जोरात. पत्र पोस्टात टाकण्यात येईल, असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं. बूट घातलेत. मी टाकतोय.