डब्यावरचं खरवडलेलं लेबल

४ मार्च
लागले एकदाची कामाला! दादाने अख्ख्या गल्लीला सांगितलं. फोनच्या काचा पुसायच्या. पाचवं टेबल, खिडकीला लागून. धूळ येऊ नये म्हणून खिडकी बंदच असते. डब्यातलं द्रावण फडक्यावर घ्यायचं, काच पुसायची, झटकन वाळते. वास गोडसर, पण दुपारपर्यंत येईनासाच होतो. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, नाक मेलं की माणूस इथला झाला. खूप हसलो.

१९ एप्रिल
हात बसला. सुपरवायझरला सगळे मामा म्हणतात. त्यांनी चारचौघींत माझं कौतुक केलं. माझ्याआधी इथे कोण बसायची, विचारलं. गेली, म्हणाले. डब्यावरचं लेबल कुणीतरी नखाने खरवडून काढलंय.

७ जून
कप हातातून सुटला. वहिनी म्हणाली, लक्ष कुठंय बाईसाहेबांचं? लक्ष कपावरच होतं. नंतर बोटात सुई टोचून पाहिली. रक्त आलं. दुखलं नाही.

२३ जून
बाजारात ताईंनी माझ्याआधीची दाखवली. नवरा तिला काखेत धरून चालवत होता. पावलं फरशीवर फटफट आपटत होती. तिने माझी बोटं दाबून पाहिली.
"पाचवं टेबल?"
मी मान हलवली.
"डब्यात काय आहे त्याचा कागद असतो. माग. मागितला की द्यावा लागतो, कायदाच आहे. मला फार उशिरा कळलं गं."

२५ जून
मागितला. मामा म्हणाले, पाणीच आहे, जरा कडक. मग मीच ऑफिसात गेले. साहेबांनी हसत माझी फाइल उघडली. 'माहिती मिळाली, समजली.' खाली माझी सही. रुजू होताना पुढे केलेल्या गठ्ठ्यात असेल. पुढचं पान डॉक्टरांचं. मला कुठल्याच डॉक्टरने तपासलेलं नाही. 'जून : बोटे बधिर. कामास योग्य.' त्याखाली, 'जुलै : पाय ओढत चालते. कामास योग्य.'
जुलै अजून यायचाय.
साहेबांनी फाइल मिटली.

२ जुलै
कामगार कचेरीतले कारकून म्हणाले, हक्क आहे तुमचा, कारखान्याला लेखी अर्ज द्या. दिला. कारखान्याने परत पाठवला. सही फाइलमधल्या सहीशी जुळत नाही म्हणे. खरंच जुळत नाही. माझी आजची सही म्हणजे कोंबडीचे पाय.

११ जुलै
जिना. उजव्या पावलाला पायरी कळत नाही. वहिनी रडते. मला काहीच होत नाही. नुसती बघत बसते —

१६ जुलै
कचेरीतून तपासनीस आले, म्हणून कागद निघाला. त्यांची पाठ वळताच साहेब म्हणाले, इथेच वाच, नेता येणार नाही. दोनदा वाचला. पाठ केला. मला कामावरून काढलं. उद्या पाचव्या टेबलावर नवी येतेय. ताई म्हणाल्या, लिहून दे, तोंडच्या बोलण्यावर कोण थांबतंय —

१७ जुलै
पहाट. ताई कामावर जाता जाता हे पान नेणार. दादा पाळीवर. वहिनीला लिहिता येत नाही, तिने पेन माझ्या बोटांना चिंधीने बांधलंय.
बायांनो, डब्यात हेक्सेन आहे. बंद खोलीत वापरायचं नाही. वाफ नसा मारते. आधी बोटं. मग पाय. बधिर वाटलं की त्याच दिवशी काम थांबवा, कारण त्यानंतर —
पेन दिसतंय. हात कुठे —
त्यानंत