अपर्णाच्या सायकलचं सील

१६ डिसेंबर १९९७, मंगळवार
परत तेल! आमच्या आशिषने कॅनडाहून धाकट्या बहिणीसाठी, अपर्णासाठी, आणलेली ती डोंगरात चालवायची सायकल — पुढच्या चिमट्यात मोटरसायकलसारखे शॉकॲब्सॉर्बर — त्यातला डावा गळतोय. अपर्णा म्हणते, आत रबराचं सील असतं. म्हणजे कुकरची रिंगच की! रविवारी सापुताऱ्याच्या घाटात शर्यत. असंच गळत राहिलं तर उतरूच देणार नाहीत म्हणे.

१७ डिसेंबर
उधन्याच्या गॅरेजवाल्या सुकदेवने मान हलवली. "हाई सील आठे भेटाव नही, ताई." मुंबईहून मागवायचं तर शर्यत होऊन जाईल.
पोरगी डगमगली नाही. "आई, सील फाटलेलं नसेल. शेजारच्या कापडाच्या लूमचा भुगा अडकला असेल." मी घासणी घेऊन धावले. केवढ्यांदा ओरडली! "चिमट्याच्या नळीवर ओरखडा पडला ना, मग ब्रह्मदेवाने सील बसवलं तरी गळणार!"

१८ डिसेंबर
काय हात आहेत पोरीचे! मऊ फडक्याने नळी पुसली, धूळ अडवणारं वरचं कडं हलकेच उचललं — मोदकाची कळी धरावी तसं. आता हवी फोटोच्या निगेटिव्हची पट्टी. पातळ, पण ताठ. नळी आणि सील यांच्यामधून फिरवली की कचरा ओढून आणते.
घरात निगेटिव्ह एकच. निळ्या साडीतल्या तिच्या स्टुडिओतल्या फोटोची. रविवारी जळगावच्या वधूवर मेळाव्यात वाटायला ह्यांनी कॉप्या काढायला सांगितलेल्या. असलेला एक फोटो मागच्या स्थळाने परतच केला नाही.
तिने मागितली नाही. कात्री मीच आणली.

१९ डिसेंबर
थांबलं! पट्टीच्या टोकाला काळा चिखल आणि लूमचा एवढासा धागा निघाला. चिमटा कितीदा दाबून पाहिला — तव्यावर तेलाचं बोट फिरवावं तेवढीच ओल. कोणी शिकवलं हिला? कोणी नाही. मासिकातली चित्रं बघून शिकली. मी किराणाच्या पुड्यांवरून वाचायला शिकले, तशी!
ह्यांना सांगून टाकलं. "निगेटिव्ह कापली? मग जळगावला दाखवू काय — माझं कपाळ?" ताटावरून उठले.

२१ डिसेंबर
पहाटेच्या बसने अपर्णा गेली, सायकल टपावर. हे जळगावला गेले नाहीत. तिच्याच बसमध्ये चढले, गळ्यात शेजाऱ्यांकडून मागून आणलेला कॅमेरा.
"नवा फोटो नको का काढायला?"