ओढ्याकडचं कुंपण

वारजे,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय सोनाली,

तुझा फोन अंगणवाडीत येतो तेव्हा पोरं एकतर गाणी म्हणत असतात नाहीतर रडत असतात, आणि घरचा फोन तुझ्या वडिलांच्या खाटेच्या उशाशी आहे. म्हणून लिहिते आहे. पत्र लांबणार आहे. तुझी कंपनीची बस सकाळी लवकर येते म्हणालीस, तेव्हा एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

शेळ्यांपासून सुरुवात करते, कारण वर्षभर या घरात दुसरा विषय नाही. तू गेल्यावर वडिलांनी ओढ्याकाठच्या तुकड्यात शेळ्या पाळल्या, हे तुला माहीत आहे. बाकीची जमीन बिल्डरकडे गेली, तिच्यावर तुझ्या सासरची सोसायटी उभी राहिली. एवढा तुकडा त्यांनी दिला नाही. ओढ्याच्या बाजूला सोसायटीची भिंत बांधायची राहूनच गेलेली. त्यामुळे शेळ्या चरायच्या आपल्या रानात आणि रमायच्या तिकडच्या बागेत. सेक्रेटरींनी झाडाला कागद लावला, 'शेळ्यांना सक्त मनाई'. तो शेळ्यांनी खाल्ला.

मग वडिलांनी कुंपण मनावर घेतलं. आधी बाभळीच्या फांद्या रचल्या. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, पाला खाल्ला, आणि उरलेल्या काट्यांमधून वाट काढली. मग काटेरी तार आली. करडं खालून जायची आणि त्यांच्या आया त्यांच्यासाठी ओरडत वरून जायच्या. मग जाळी आली. तिच्याजवळ विटांचा ढीग होता, त्यावर चढून बांडी पलीकडे. बांडी म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, कळपातली सगळ्यात आगाऊ. ती गेली की बाकीच्या मागोमाग. विटा हलवल्या, तर तिने पुढचे पाय जाळीवर ठेवून ठेवून ती एका कोपऱ्यात पार वाकवून टाकली. शेवटी वडिलांनी तिच्या गळ्यात आडवी काठी बांधली. कुठेही मान घातली तरी काठी अडावी, असा हिशोब.

शेळ्या आणायला मीच जायची. वडील त्या आवारात पाऊल ठेवणार नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको. त्या वाकलेल्या कोपऱ्यासमोरच मेश्रामांचं मागचं दार आणि दाराशी शेवगा. तुझ्या सासूबाई, प्रेमलाताई, मला कधी शेंगा द्यायच्या, कधी तुझी खुशाली सांगायच्या. अभिनवचं प्रमोशन, तुमचं नवं घर, सगळं मला त्या दारात कळलं. त्यामुळे कुंपण लवकर नीट व्हावं अशी घाई मला नव्हती.

दिवाळीनंतर वडिलांच्या डोक्यात आलं, की प्रेमलाताई शेवग्याचा पाला टाकतात म्हणून शेळ्या तिकडे जातात, आणि त्या हे मुद्दाम करतात. आपल्या हद्दीत उभे राहून ते ओरडले, "आमची पोरगी नेली, आता शेळ्या बी नेता का?" ताई भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी कशाला बोलावू जी? त्या आपल्या आपणच येतात." ताईंनी दुसऱ्या दिवसापासून पाला टाकणं बंद केलं. शेळ्या जातच राहिल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वडील करडं विकायला गेले होते. दुपारी मागून असा काही आवाज आला की मी हातातलं पीठ तसंच टाकून पळाले. बांडीने उडी मारली होती, पण गळ्यातली काठी जाळीत अडकली आणि ती पलीकडच्या बाजूला लटकत होती. जीभ बाहेर, डोळे पांढरे. मी अलीकडून पोचू शकत नव्हते, मध्ये काटेरी तार. मी ताईंना हाक मारली.

ताई अनवाणीच आल्या. बांडीखाली शिरून त्यांनी तिला खांद्यावर तोलून धरलं. बांडी पाय झाडत होती, दर झटक्याला ताईंचा दंड तारेवर घासत होता. "सोडू नका," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "नाही सोडत," त्या म्हणाल्या. तुझे सासरे पक्कड घेऊन आले. टेलिफोन खात्यात जन्म गेला, तारा कापणं त्यांच्या हातातलं. जाळी सुटली आणि बांडी व ताई दोघी खाली पडल्या. बांडी बराच वेळ उठली नाही. मग उठली आणि शेवग्याकडे गेली.

वडील परतले तेव्हा मी मेश्रामांच्या ओट्यावर ताईंच्या दंडाला हळद लावत होते. ते कुंपणाशी उभे राहिले. कापलेली जाळी बघितली, बांडीची मान बघितली, ताईंची फाटलेली बाही बघितली. मग कापलेल्या जागेतून वाकून ते पलीकडे आले. बांडीच्या गळ्यातली काठी सोडली आणि गुडघ्यावर मोडली. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "पाणी द्या जरा."

आपल्याकडे कोणाच्या घरचं पाणी चालतं आणि कोणाच्या घरचं नाही, हे तुझ्या आजीच्या काळापासून ठरलेलं. तुझं लग्न त्यावरूनच तर वडिलांना चाललं नाही. तुझ्या सासऱ्यांनाही ते माहीत आहे. ते स्वतः आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आले. वडील प्यायले आणि म्हणाले, "अजून द्या." मी हळद लावत राहिले.

त्या आठवड्यात दोघांनी मिळून कुंपण नव्याने घातलं. खांब जवळजवळ रोवले, जाळी खाली मातीत पुरली, वरून तार इतकी ताणली की बोट लावलं तर वाजते. आतल्या बाजूला फांद्या टांगून शेळ्यांना तिथेच पाला मिळेल असं केलं. काम करताना दोघं सारखे वाद घालायचे. हे म्हणायचे, "साहेब, हा तुमचा टेलिफोनचा खांब न्हाय." ते म्हणायचे, "म्हणूनच तर वाकडा आहे." तेव्हापासून एकही शेळी बाहेर गेलेली नाही. आता तुझे वडील रोज संध्याकाळी रस्त्याने वळसा घालून तिकडे जातात. विचारलं तर म्हणतात, कुंपण त्या बाजूनेही बघावं लागतं. बघायला त्यांना दोन कप चहा लागतो.

परवा तिथेच त्यांना तुझी बातमी कळली. मला ताईंनी आधीच सांगितली होती. तू मला स्वतः सांगितली नाहीस याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण का सांगितली नाहीस तेही कळतं. वडील घरी आले, जेवले नाहीत. मग म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी असतंया. तिला कळव." मी म्हटलं, तुम्हीच करा फोन. तर म्हणाले, "फोनवर मला बोलता येनार न्हाय. तू लिही." म्हणून हे पत्र. यायचं की नाही ते तू आणि अभिनवने ठरवा. या तीन वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, ते तू विसरावंस असं मी म्हणणार नाही, आणि नाही आलीस तर मी त्यांची बाजूही घेणार नाही. फक्त बघितलं तेवढं सांगते. तुझ्या खोलीत तू गेल्यापासून पेंडीची पोती होती. आज पहाटे उठून त्यांनी ती एकट्याने ओसरीत काढली, आणि मी हे लिहिते आहे तोवर ते आत चुना कालवत बसले आहेत. दोनदा बाहेर येऊन विचारून गेले, लिहिलं का म्हणून.

तुझीच,
आई