माझ्या आंघोळीचं पाणी

हैदराबाद, रविवार

चि. नानासाहेबास थोरल्या अक्काचे आशीर्वाद.

बुधवार, दि. १८ एप्रिल १९७३ रोजी सकाळी पावणेअकरा वाजता नळदुर्गच्या वेशीपाशी माझं आंघोळीचं पाणी लुटलं गेलं. तुझे गुडघे कसे आहेत? मालनला आशीर्वाद. झोपण्या-न्हाण्याची सोय केलेल्या तुझ्या घरगाडीतून प्रवास करूनही माझी प्रकृती उत्तम आहे, यात गाडीचं श्रेय काहीही नाही. महिनाअखेर तू ती दूध संघाला विकतो आहेस ते ऐकून बरं वाटलं. दुधाचे कॅन तक्रार करत नाहीत.

तू म्हणाला होतास, ‘अक्का, वाटेत नळदुर्गला तासभर थांब, शहर बघून घे.’ शहर! एक बाजारपेठ, ट्रकवाल्यांचे ढाबे, आणि यंदा सगळ्यांवर सारखी बसलेली धूळ. वजीरनं (तुझा ड्रायव्हर माणूस सज्जन आहे, इथूनच घोटाळा सुरू होतो) गाडी वेशीपाशी लावली आणि मी पोस्टात तिकिटं घ्यायला गेले. परत येते तर गाडीमागे बायकांची रांग, आणि तू मोठ्या हौसेनं बाहेरच्या बाजूला बसवलेल्या त्या नळाखाली घागर. गाडीला टाकी आहे, टाकीला नळ आहे, म्हणजे हा दुष्काळाचा टँकर, असा त्यांचा समज. दुष्काळी मुलखात गाडीच्या बाहेर नळ बसवणारा इंजिनीअर आमच्याच घरात निपजावा.

वजीरला फैलावर घेतलं तर म्हणतो, “क्या करूं अम्मा, घागर सामने आई तो नळ बंद करने को हात नै उठा.” तोवर टाकी खडखडीत.

मग मी जे बोलायचं ते बोलले. कॉन्व्हेंटात मदरनं आवाज न चढवता माणसाला जमिनीत कसं गाडायचं ते शिकवलेलं आहे. शेवटी म्हटलं, “हे पिण्याचं पाणी नव्हतं, माझ्या आंघोळीचं होतं.”

रांगेत पुढं रुद्रम्मा नावाची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. ती टाकीकडं बघत म्हणाली, “आंघोळीला? एवढं?” मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “बाई तर एवढीशीच हाय.” सगळ्या हसल्या. (वजीरही. त्याचं मी बघून घेईन.)

पण हसून झाल्यावर रुद्रम्मा सगळ्यांना म्हणाली, “पाव्हणीचं पाणी हाय गं हे. सरकारचं असतं तर गोष्ट येगळी.” आणि मला म्हणाली, “पाणी माघारी येतंय. तवर चला, आमचा म्हाल बघा.”

मी रागानंच निघाले, आणि तो राग किल्ल्यात कुठंतरी पडला तो मला परत सापडला नाही. नानासाहेब, तू आयुष्यभर धरणं बांधलीस. बोरी नदीवर आडवी घातलेली ती दगडी भिंत तू पाहिली आहेस का? भिंतीच्या पोटात महाल आहे. नदी डोक्यावरून जायची आणि माणसं आत कोरडी बसायची, तेही आदिलशाहीच्या काळात. यंदा नदीत शेळ्या फिरत होत्या. तरी आत गारवा होता. महिरपीच्या खिडकीत उभी राहिले आणि मला कोणाबद्दलही वाईट बोलायचं सुचेना. असं यापूर्वी झालेलं मला आठवत नाही.

पाऊसकाळात भिंतीवरून दोन धबधबे पडतात. (त्यांची नावं तुला ठाऊक आहेत. मी ती लिहिणार नाही. रुद्रम्मानं दहादा उच्चारली आणि दहाही वेळा मी पदर सारखा केला.) तेव्हा खिडकीत उभं राहून ओरडलं तरी आपलाच आवाज आपल्याला येत नाही म्हणे. रुद्रम्मा म्हणाली, “आमी हितं येऊन नवऱ्याला शिव्या देतो. त्याला ऐकू जात न्हाय आन् आपलं मन हलकं व्हतं.” मग तिनं दगडाला कान लावला आणि मलाही लावायला लावला. काहीच ऐकू आलं नाही. पण कान काढावासाही वाटेना.

परत आलो तर टाकी भरत होती. घागर नेलेली प्रत्येक बाई आपल्या घरचं तांब्या तांब्यानं ओतत होती. एकीनं वर तुळशीचं पान टाकलं. मी ‘नको’ म्हणाले. रुद्रम्मा म्हणाली, “ठेवा. पाऊस झाला की आमच्याकडं पाणी बघाया या. शब्द द्या.” मी दिला. गाडी निघेपर्यंत ती नळावर हात ठेवून उभी होती.

चारमिनार पाहिला. उभा आहे.

तुझी,
अक्का

ता. क. – त्या पाण्यानं मी आंघोळ केलेली नाही. चहा केला. धुराची, तांब्याची आणि तुळशीची चव आली.

ता. क. २ – गाडी विकायची नाही. दूध संघाला नकार कळवल्याचं तुझं लेखी उत्तर ३० एप्रिलच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. बाहेरचा नळ मात्र आहे तिथंच राहू दे.

ता. क. ३ – नर आणि मादी. लिहिलं. त्यांना पाणी सुटलं की खिडकीत उभं राहून मला तुला पुष्कळ काही ऐकवायचं आहे. तूही चल. तुला काही ऐकू येणार नाही.