आधी लाकडं फोड

छावणी, औरंगाबाद
बहमन, १३५१ फसली

प्रिय आप्पा,

लग्नानंतर तुला ‘जावईबापू, तुम्ही’ म्हणायची सवय जिभेला लावून घेतली होती. ती आज मोडतो. हे पत्र सासऱ्यानं जावयाला लिहिलेलं नाय, उस्तादानं चेल्याला लिहिलेलं आहे, आणि चेल्याला मी ‘तू’च म्हणतो. काल सोयगावहून आलेल्या गाडीवानाच्या हाती तुझा निरोप मिळाला. रविवारी दुपारी येतो, वच्छीला तयार ठेवा, झालं गेलं विसरून जा. झालं गेलं! तो निरोप ऐकून सारजा, तुझी सासू, हातातलं पीठ तसंच टाकून उठली. वच्छी भिंतीकडं तोंड करून पडली होती, ती पडूनच राहिली. पोरगी परत तुझ्या घरी जाणार की नाय, एवढाच प्रश्न आता या घरात आहे. पण त्याआधी मला तुझ्याशी तुझ्या खेळाबद्दल बोलायचंय.

तू पहिल्यांदा छावणीच्या क्लबात आलास तो दिवस मला चांगला आठवतो. अदालतीत नवा पेशकार लागला होतास, टोपी तिरपी, मिशीला पीळ. तुझ्यासारखे हौशी लई पाहिलेत मी. वकील, इंजिनिअर, तहसीलदार. दिवसभर कचेरीत खुर्च्या झिजवायच्या आणि संध्याकाळी माझ्यापुढं काठी धरून उभं राहायचं, उस्ताद, जरा आमचा खेळ सुधारा. सगळ्यांची खोड एकच, जोर. स्नूकरमध्ये पांढऱ्या चेंडूनं लाल आणि रंगीत चेंडू अलगद थैलीत घालायचे असतात. यांना वाटतं, चेंडूचा जीवच घ्यायचाय. तू तर सगळ्यांचा बाप निघालास. तुझ्या पहिल्याच फटक्याला लाल चेंडू टेबलावरून उडाला आणि निजामुद्दीन वकिलांच्या नडगीवर बसला. वकील एका पायावर नाचत मला म्हणाले, अरे कारभारी, ये खिलाडी है के तोपची? पुढं एकदा काळा चेंडू हुकला म्हणून तू गुडघ्यावर आपटून क्लबची काठी मोडलीस, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्या कानाखाली आवाज काढला. दुसरा कुणी असता तर परत फिरकला नसता. तू दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आलास. तिथंच तू मला आवडलास.

मी तुला काय शिकवलं ते आठव. हनुवटी काठीला टेकव. खांदा हलवू नकोस, हलेल तो फक्त कोपरापासूनचा हात. काठी मुठीत आवळायची नाय, तान्ह्या पोराचं बोट धरतो तशी धरायची. फटका मारताना नजर पांढऱ्यावर नको, ज्याला घालायचंय त्याच्यावर ठेव. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, जी माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकानं केली आहे. हात तापला असेल तर टेबलाला शिवायचं नाय. क्लबच्या मागं बाभळीच्या लाकडांचा ढीग असतो. साहेबानं झापलंय, मागचा डाव हरलाय, कुणाशी वाजलंय, जा मागं, कुऱ्हाड घे, घाम निघेपर्यंत लाकडं फोड आणि मग ये. निजामुद्दीन वकिलांनीसुद्धा शेरवानीच्या बाह्या सारून फोडली आहेत. राग अंगात घेऊन वाकलं की कोपर थरथरतं, मग कितीही डोळा लावा, चेंडू थैलीच्या तोंडाशी जाऊन थांबतो. तू तर फाडफाड फोडायचास. त्या हिवाळ्यात खानसाम्याला जळतण कमी पडलं नाय.

मग वच्छी तुला दिली. लग्नानंतर तुझा खेळ असा सुधारला की मीच चाट पडलो. लाकडांकडं तू फिरकायचासही नाय, तरी हात कसा लोण्यासारखा. एकदा मी विचारलं, जावईबापू, आज लाकडं नाय फोडली? तू काठीला खडू लावत हसलास. म्हणालास, उस्ताद, घरूनच मोकळा होऊन आलो. मला वाटलं, संसारानं गडी निवला. चारचौघांत मी तुझं उदाहरण दिलं, लग्नं करा लेकहो, हात थांबतो. सगळे हसले. तूसुद्धा हसलास रे! दिवाळीला वच्छी आली तेव्हा मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालून होती. सारजानं हटकलं तर म्हणाली, आता अशीच फ्याशन आहे आई.

आणि गेल्या महिन्यातला तो कपाचा सामना. तू जो खेळलास, तसं मी छावणीतल्या गोऱ्या साहेबांनाही खेळताना पाहिलं नाय. निजामुद्दीन वकील पुढं होते. तू तपकिरी घातलास, निळा घातलास, गुलाबी घातलास. राहिला काळा, लांबचा, कडेला चिकटलेला. तुझं कोपर तसूभर हललं नाय. काळा पडला तसा मी म्हातारा धावत आलो आणि तुला मिठीत उचललं. वकिलांनी स्वतः तुझ्या गळ्यात हार घातला. त्याच गर्दीत व्हरांड्यातून बाईचा आवाज आला. तुमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या अमिनाबी. जी बाई बुरख्याशिवाय कधी दारात उभी राहिली नाय, ती उघड्या डोक्यानं टांग्यातून उतरून पायरीवर ओरडत होती, भाई, जल्दी चलो, छोरी मर जाती! तुला ऐकू गेलं होतं आप्पा. तू कप छातीशी धरून माझ्याकडं बघितलंस आणि नजर फिरवलीस.

तुमच्या घरी वच्छी चुलीपाशी पडली होती. बसायचा पाट दुभंगून बाजूला. जबडा एकीकडं उतरलेला, उजव्या हाताची बोटं मागं वळलेली, केसांचा पुंजका उंबऱ्यात. लुगडं रक्तानं भिजून जमिनीला चिकटलं होतं, आणि ते रक्त तोंडाचं नव्हतं. पाचवा महिना चालू होता, तुला ठाऊक होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर त्या मोडक्या तोंडानं तिनं पहिलं काय विचारलं सांगू? बाबा, जिंकले का? मला वाटलं, पोरगी बरळतेय. मी व्हय म्हणालो. तर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, बरं झालं, मग आज परत नाय मारणार. दवाखान्याकडं जाताना टांग्यात अमिनाबींनी सगळं सांगितलं. ज्या दिवशी तुझा खेळ, त्या दिवशी दुपारपासूनच भिंतीपलीकडं सुरू व्हायचं. मारून झालं की तू तोंड धुवायचास, भांग पाडायचास आणि क्लबात यायचास, मोकळा होऊन.

मी लाकडं फोड म्हणालो होतो रे भडव्या. लाकडं!

डॉक्टरनं जबडा तारेनं बांधला. बोटं सरळ होतील म्हणतात, पूर्वीसारखी नाय. पोटातला मुलगा होता. मी त्याला धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून खाम नदीच्या काठी पुरला, आणि तिथून चालत क्लबाच्या मागं गेलो. कुऱ्हाड घेतली. प्रत्येक ओंडक्यावर तुझं तोंड होतं. ढीग संपला, तळहातांची सालं निघाली, राग काही संपला नाय. खोटं कशाला बोलू, मला अजून रोज वाटतं की तुझा उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवावा आणि काठीच्या बुडानं एकेक बोट ठेचावं, सावकाश, तुला शिकवलं तसं कोपर न हलवता. तू तोवर सोयगावला भावाच्या घरात दडून बसला होतास. निजामुद्दीन वकील स्वतः घरी आले, खाटेशेजारी खाली बसले आणि वच्छीला म्हणाले, बेटी, अदालत में मैं खडा रहता तेरे वास्ते, तू फक्त हो म्हण.

हे सगळं वाचून तुला वाटंल, सासरा धमकी देतोय. नाय. मी भ्यालोय म्हणून लिहितोय, आणि तुला नाय भ्यालो. कालपासून भिंतीकडं तोंड करून पडलेली वच्छी आज सकाळी उठली आणि धड असलेल्या हातानं तिनं आपलं गाठोडं बांधलं. सारजानं ते ओढून घेतलं तर बांधलेल्या दातांमधून एवढंच म्हणाली, मी नाय गेले तर ते इथं येऊन तुम्हाला मारतील. वकिलांना ती हो म्हणत नाय, आमच्याशी बोलत नाय, गाठोडं उशाला घेऊन रविवारची वाट बघतेय. तू दारात नुसता उभा राहिलास, एक शब्द बोलला नाहीस, तरी ती उठून टांग्यात बसणार, आणि तिला अडवायची ताकद ना माझ्यात आहे ना सारजात. म्हणून तू दारापर्यंत यायचंच नाय. तुझा टांगा आमच्या गल्लीत वळला, तर मी तुला तिथंच खाली ओढीन आणि जीव जाईस्तोवर सोडणार नाय. मग मला फाशी देऊ देत. तिला मात्र ते गाठोडं सोडावं लागंल.

एके काळी तुझाच उस्ताद,
कारभारी