कोरडी शीर

१२ ऑक्टोबर १९४४. वाटूरजवळची वस्ती.
जालन्याहून परतूरपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी. अंग खिळखिळं झालं, पण मन खूश आहे. थंडीतापाच्या दौऱ्यावर यंदा मला पाठवलं! सोबत काकासाहेब, आमच्या जालन्याच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. तपासणीसाठी रक्त काढायचं तेच शिकवणार. रिकाम्या गोठ्यात दवाखाना मांडला. जेवण शेजारच्या झुंबरबाईंकडे: ज्वारीची भाकरी, ठेचा, वर दही. वस्ती मोठी कष्टाळू. उन्हं कलली तरी कापूस वेचणारं एकही माणूस रानातून हललं नाही.

१३ ऑक्टोबर
सकाळी सुया आणि काचेच्या पिचकाऱ्या उकळल्या, हात साबणानं धुतले. काकासाहेबांनी स्वतःचा हात पुढं केला. दंडाला रबरी नळी बांधली, मूठ वळायला सांगितली. शीर डोळ्यानं नाही, बोटानं शोधायची, म्हणाले. पहिल्यांदा शीर सुईखालून निसटली. दुसऱ्यांदा पिचकारीत काळपट लाल रक्त चढलं. आधी नळी सोडायची, मग सुई काढायची. मी उलट केलं आणि त्यांचं धोतर खराब झालं. रागावले नाहीत. उद्या परत कर, एवढंच म्हणाले.

१५ ऑक्टोबर
वस्तीतला पहिला माणूस झुंबरबाईंचा नवरा, कचरू. शीर दोरीसारखी फुगलेली. सुई बराबर आत गेली, पण रक्त आलं नाही. दुसऱ्या हाताला तेच. तू घाई करतोस, असं म्हणून काकासाहेबांनी सुई घेतली. त्यांनाही नाही. कचरूनं हूं की चूं केलं नाही. दुखलं का, विचारलं, तर म्हणाला, "दुखत न्हाई. थकून राह्यलो नुसता."

१६ ऑक्टोबर
अख्खी वस्ती तपासली. एकाच्याही हातातून थेंब नाही. सुई काढल्यावर भोक तसंच उघडं राहतं, चामड्याला पाडल्यासारखं. पिचकारीत दोष असेल म्हणून माझंच रक्त काढलं. लगेच आलं. काकासाहेबांनी सगळ्या सुया परत उकळल्या. मी फार दमलो. इथं बसलं तरी दमायला होतं.

१७ ऑक्टोबर
झुंबरबाई भाकरी भाजत होत्या तेव्हा विचारलं. म्हणाल्या, गेल्या साली सगळ्यांना ताप आल्ता. चार-दोन दिवसांत सगळे गार पडले. पण कापूस फुटला होता, वेचायला दुसरं कोण होतं? मंग उठले.
कुणी दगावलं का, मी विचारलं.
"न्हाई बाबा. मरायला उसंतच न्हाई भेटली."
बोलताना त्यांचा तळहात तापल्या तव्यावर होता. त्यांनी तो काढला नाही. भाकरी आम्हा दोघा पाहुण्यांपुरतीच होती. इथं कुणाला जेवताना मी पाहिलेलंच नाही.

१८ ऑक्टोबर
काकासाहेब डॉक्टरांना आणायला निघाले. मलाही नेणार होते, पण सकाळीच थंडी भरली. गाडीत बसवेना. तापावर कोयनेलच्या गोळ्या देऊन गेले. लवकर येतो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मला सोडून जाण्याची लाजही.

२० ऑक्टोबर
ताप. गोळी पोटात ठरत नाही. झुंबरबाई कपाळावर हात ठेवतात. हात गार, बरं वाटतं. लई वेळ लागत न्हाई, म्हणतात—

२१ ऑक्टोबर
ताप उतरला. अंग गार. भूक नाही. सुई उकळली. नळी दातानं आवळली. शीर बोटाला नीट लागली— सुई आत— पिचकारी रिकामी.
दुसरा हात—
दुखलं पण न्हाई.

२२ ऑक्टोबर
गाडी आली. डॉक्टर नाहीत. काकासाहेब एकटेच उतरले, घोंगडी गुंडाळून कुडकुडत. वाटेतच ताप भरला म्हणे. मी बरा झालो बघून रडले. माझ्याच अंथरुणावर त्यांना निजवलं.
सांगायला पाहिजे— इथं निजू नका, गाडी फिरवा— तोंड उघडतं, आवाज निघत न्हाई— लिहून दाखवावं तर त्यांचे डोळे मिटलेले—
झुंबरबाईंनी माझ्या कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली. मला पडायचंय म्हणालो. हे मात्र तोंडातून निघालं, त्यांना बराबर ऐकू गेलं. एवढं रान उरकू लेकरा, म्हणाल्या, मंग—