दर मंगळवारी ‘बरं आहे’

नागभीड,
१४-११-१९५७

प्रिय बाई,

हे पत्र तू एकटीच वाच, कापणीवरून घरची माणसं यायच्या आधी.

माझ्या बुधूला खालचे दात आले, पेज चाटून खातो, तुझ्या पोटाशी झोपतो, असा तुझा निरोप गुणामामीने सांगितला. ऐकून मी तोंड लपवून मोरीत गेले. मामीला वाटलं, आनंदाने रडते. अंगावरचं लेकरू, तू थोरली बहीण म्हणून, तुझ्या छपरीत ठेवून मी धड एक शब्द न बोलता इथे मामीकडे निघून आले. आपल्या सावली गावात बाया काय काय बोलत असतील! तू त्यातलं काहीच कळवत नाहीस, ते का, हे मला समजतं.

अंगात रक्त कमी आहे म्हणून औषधाला आले, असं घरी सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरं नाही. इथल्या दवाखान्यात मंगळवारी नागपूरच्या गाडीने एक डॉक्टरबाई येतात. त्या नाडी पाहत नाहीत, बाटली देत नाहीत. समोर बसवून बोलतात, ऐकतात. मनाचं दुखणं आहे म्हणतात. बाई, मला तो शब्द मामीपुढेसुद्धा उच्चारवत नाही. उठताना त्या दर वेळी विचारायच्या, झोप लागते का, भीती कमी झाली की वाढली. वर हेही विचारायच्या, "माझ्या बोलण्याचा उपयोग होतोय का? नसेल तर स्पष्ट सांगा, मी वेगळ्या रीतीने पाहीन." डॉक्टर असून कोणी असं विचारतं का गं? मामी शेजारीच बसलेली असायची. मी मान खाली घालून म्हणायची, "बरं आहे जी. बराच फरक पडला."

फरक काहीच नव्हता. पण एवढी शिकलेली बाई माझ्यासाठी इतक्या लांबून येते, तिला तोंडावर नाही कसं म्हणू? शिवाय बरं न होणं हा माझाच नालायकपणा वाटायचा. मी खोटं बोलत गेले, त्या समाधानाने हसत गेल्या.

परवाच्या मंगळवारी त्या म्हणाल्या, "आता घरी जा. बाळाला जवळ घ्या." मामी खूश झाली. मी मात्र दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरच बसले. "मले घरी नका पाठवू जी. मी खोटी बोलली."

"काऊन खोटी बोलली वो?" मामीने कपाळाला हात लावला. "डॉक्टरबाईची सारी मेहनत पाण्यात घातली!"

डॉक्टरबाईंनी मामीला बाहेर बसायला सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. मामींसमोर विचारत होते, आणि तुम्ही म्हणाल ते मानत गेले." त्यांनी तांब्या आणि काचेचा पेला पुढे सरकवला. "बोलू नका. जेवढी भीती, तेवढं पाणी ओता." मी काठोकाठ ओतलं. "आणि पहिल्या दिवशी किती होती?" मी पेल्याच्या काठावर बोट ठेवलं. तेवढीच. शरमेने मला वर बघवेना. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझं आजवरचं बोलणं तुम्हाला लागू पडलं नाही. आपण नव्याने सुरू करू." मग मी त्यांना ते सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता तुला सांगते. बुधूला कडेवर घेऊन विहिरीवर गेले की मनात येतं, याला आत टाकलं तर? मला ते नको असतं गं, त्याच्यासाठी जीव तुटतो, तरी येतं. म्हणून मी पळाले. तो नकोसा झाला म्हणून नाही. डॉक्टरबाई म्हणतात, असे विचार पुष्कळ आयांना छळतात, लाजेपायी त्या बोलत नाहीत. मनात येणं म्हणजे करणं नव्हे. मला हे अर्धंच पटलंय, आणि तसंच मी त्यांना सांगितलंय. येत्या मंगळवारी तू बुधूला घेऊन ये. त्यांच्यासमोर मी त्याला मांडीवर घेणार आहे. तू अगदी जवळ बस. मी ‘घे’ म्हटलं की काही विचारू नकोस, घे. आणि हे वाचून त्याला माझ्या हाती द्यायला तुझं मन धजलं नाही, तर तेही खरंखरं कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझीच धाकटी,
प्रेमिला